कुलकर्णी गेला, फळीवर मुन्शी बसला

मित्रांनो, आधी माझी फजिती ऐका. मग मुद्द्याकडे येतो.

मी मुलचेऱ्याचा. गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, पण तुमच्यातल्या शंभरातल्या नव्याण्णवांना नकाशावर बोट ठेवता येणार नाही. भोवती जंगल, गोंड-माडियांची गावं, मधेच पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती. तेही बहुतेक नमशूद्र, म्हणजे तिथूनही हाकललेले आणि इथंही बाजूलाच बसवलेले. मी चार वर्षं नागपुरात वसतिगृहात काढली. तुमच्यासारखंच अनियतकालिक काढलं. दोन अंक निघाले, तिसरा प्रेसवाल्याच्या उधारीत अडकला तो अडकलाच. मग गावी परत आलो.

मे महिन्यात इथं तेंदूपत्ता असतो. बायामाणसं पहाटे अंधारात जंगलात शिरतात, दुपारपर्यंत पानं तोडतात, मग घरी बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेतात. फळीवर ठेकेदाराचा मुन्शी असतो. वही त्याची, पेन त्याचं, मोजणी त्याची. हा पुडा बारका, हा फाटका, ह्यात पानं कमी, असं म्हणत तो बाजूला काढतो. बाजूला काढलेला पुडा परत मिळत नाही आणि वहीतही चढत नाही. तो कुठं जातो हे सगळ्या फळीला ठाऊक असतं.

मी एक पोथी लिहिली, मुन्श्याची. देवाला करतात तसं आधी त्याच्या पेनाला नमन, मग वहीचा महिमा, शेवटी फळश्रुती. दोन पानं. चाळीस झेरॉक्स काढल्या. खाली नाव टाकलं नाही. मावशीच्या अंगणात एका रात्री वाचली. माणसं पोट धरून हसली. म्हाताऱ्या बायांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, झाली क्रांती.

दोन दिवसांनी मावशीचे चाळीस पुडे मुन्श्याने एका फटक्यात बाजूला काढले. मी तावातावाने मावशीकडे गेलो. ती पुडे बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबू, हासलो तं बेस वाटलं. पन त्या कागदावर तुजं नाव कुटं होतं? नाव नोहोतं म्हून त्यानं मले धरलं."

साला, एवढी मोठी साहित्यसमीक्षा मला नागपूरच्या कुठल्या प्राध्यापकाने ऐकवली नव्हती.

त्या रात्रीपासून मी एका माणसाचा विचार करतो आहे. त्या माणसाने पोथी लिहिली, नाव टाकलं, गाव टाकलं आणि त्याच गावात शेवटपर्यंत राहिला. ते म्हणजे 'दीनमित्र'कार मुकुंदराव पाटील. तुमच्यातल्या कितींनी नाव ऐकलंय? खरं सांगा.

ऐकलं नसेल तर दोष तुमचा नाही. आपल्याला शाळेत शिकवलं काय? मराठी उपरोध म्हणजे 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे. मराठी विनोद म्हणजे कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे', मग गडकरी, मग अत्र्यांची 'झेंडूची फुले'. परांजप्यांची वक्रोक्ती धारदार होती, 1908 साली तिच्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला. मान्य. पण ती धार इंग्रजावर चालायची. गावच्या कुलकर्ण्यावर चालली नाही. कोल्हटकरांनी कर्मकांडाची टर उडवली, तीही खरी. पण ती घरातली टर. घरातल्यांनी घरातल्यांना काढलेले चिमटे. घराबाहेर उन्हात उभा राहून हिशेब मागणारा माणूस त्या हशात नव्हता. तो हशा दुसरीकडेच चालला होता, नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या तरवडी नावाच्या खेड्यात.

मुकुंदराव जन्मले 1885 साली. बाप कृष्णराव भालेकर, म्हणजे जोतीराव फुल्यांचे सहकारी, ज्यांनी 1877 च्या 1 जानेवारीला पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला तेच. मुकुंदराव दत्तक गेले ते गणपतराव पाटलांच्या घरात. ह्या गणपतरावांनीही आधी, 1888 च्या सुमारास, 'दीनमित्र' नावाचं मासिक चालवलं होतं. म्हणजे जन्म दिलेल्या घरातही पत्र आणि दत्तक गेलेल्या घरातही पत्र. वारसा म्हणून जमीनजुमला मिळतो तसं ह्या माणसाला छापलेला कागद मिळाला. 1910 साली, पंचविशीत, त्यांनी 'दीनमित्र' पुन्हा उभा केला, साप्ताहिक म्हणून. 1967 साली ते वारले. जवळजवळ तोवर पत्र चालवलं. सत्तावन वर्षं! आपले अंक सत्तावन दिवस टिकत नाहीत.

आणि साल लक्षात घ्या. 1910 म्हणजे इंग्रजाने प्रेस ॲक्ट आणला ते साल. नवा छापखाना काढायचा तर जामीन म्हणून रोख रक्कम भरा, सरकारला काही खटकलं तर ती जप्त. भल्याभल्यांनी त्या साली लेखण्या म्यान केल्या. इकडे विदर्भातही त्याच साली किसन फागुजी बनसोडे 'निराश्रित हिंद नागरिक' काढत होते, पुढे 1913 ला 'विटाळ विध्वंसक', 1918 ला 'मजूर पत्रिका'. म्हणजे ज्या काळात आपल्याला मुके समजत होते त्या काळात आपली माणसं उधारउसनवार करून खिळे जुळवत होती.

आता त्यांच्या लिखाणाकडे या. 1913 साली मुकुंदरावांनी 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं. नाव बघा. खेड्यात श्रावण लागला की 'शिवलीलामृत' वाचायचे. वाचणारा एक, ऐकणारं अख्खं आळं. ओवीचा ठेका माणसाच्या कानात बसलेला, अक्षर न येणाऱ्याच्याही. मुकुंदरावांनी तोच ठेका उचलला आणि शिवाच्या जागी कुलकर्णी बसवला. ऐकणारा सवयीने हात जोडतो, मान डोलवतो, आणि मग त्याच्या ध्यानात येतं की आपण हात कोणाला जोडलेत! तिथं त्याला हसू फुटतं. आणि हसू फुटलं की जोडलेले हात सुटतात.

कुलकर्णी म्हणजे काय हे शहरातल्या पोरांना सांगायला पाहिजे. कुलकर्णी हे आडनाव नंतर. आधी ते वतन. गावचं दप्तर त्याच्याकडे, पिढ्यानपिढ्या. कोणाची जमीन किती, कोणाचा सारा भरला, कोणाचा थकला, कोणाच्या नावावर काय चढलं, काय उतरलं, सगळं त्याच्या रुमालात बांधलेलं. शेतकऱ्याला अक्षर नाही. तो अंगठा देणार. अंगठ्याच्या वर काय लिहिलंय ते कुलकर्णी सांगेल तेच. तलवार नाही, बंदूक नाही, फक्त बोरू. त्या बोरूने गावंच्या गावं गहाण पडली. धर्मही त्याचाच, दप्तरही त्याचंच. 'हे पाप तुझ्या मागल्या जन्माचं' असं सांगणारं तोंड आणि 'ही बाकी तुझ्या बापाची' असं लिहिणारा हात एकाच धडाला जोडलेला.

ह्या माणसावर गंभीर लेख लिहून चाललं नसतं, कारण गंभीरपणा हे त्याचंच हत्यार. पोथी गंभीर, दप्तर गंभीर, शाप गंभीर. शेतकरी त्याला भीत होता तो ह्या गंभीरपणाला. मुकुंदरावांनी नेमकं तेच काढून घेतलं. 'शेटजी प्रताप' लिहून सावकाराची तीच गत केली. 'देशभक्त लीलासार' लिहून पुढाऱ्याची केली. कादंबरी लिहिली, तिचं नाव 'ढढ्ढाशास्त्री परान्ने'. ढढ्ढ आणि शास्त्री एका श्वासात! आणि आडनाव परान्ने, म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर जगणारा. दोन शब्दांत त्या वर्गाची कुंडली मांडली. चळवळीतल्या अर्थशास्त्र्याला ह्यासाठी दोनशे पानं लागतात.

पण मला आज त्यांच्या विनोदापेक्षा त्यांच्या पत्त्याचं महत्त्व वाटतं. पत्ता तरवडी. पुणं नाही, मुंबई नाही. ज्याची टर उडवायची तो कुलकर्णी आसपासच्या प्रत्येक गावात बसलेला. सकाळी अंक निघाला की संध्याकाळी तो वाटेत भेटणार. लेखकाला शेतात पाणी द्यायचंय, पोरांची लग्नं करायचीत, सात-बारा लागणारच आहे. सगळं त्याच परिसरात. अशा जागी बसून हसणं म्हणजे काय ते मुलचेऱ्यातल्या माणसाला विचारा. मार खायचा तर तो लिहिणाऱ्यानेच खायचा, ऐकणाऱ्याने नाही, हे त्यात आपोआप ठरलेलं होतं. मावशी म्हणाली ते हेच.

जगात दुसरीकडेही असे विनोदी संपादक झाले. रुमानियातले इओन लुका काराजाले घ्या, 1852 ते 1912. बिअरचं दुकान चालवून पोट भरलं, 1884 साली निवडणुकीच्या भानगडीवर 'हरवलेलं पत्र' नावाचं नाटक लिहून पुढाऱ्यांचे कपडे उतरवले, 1893 साली 'मोफ्तुल रोमीन' नावाचं टवाळ पत्र काढलं. मोफ्त म्हणजे आपल्याकडची भंकस, फालतूगिरी. पेठेतला, कचेरीतला, सभेतला प्रत्येक पोकळ माणूस त्यांनी पकडला. पुढे कंटाळून देश सोडला, बर्लिनला जाऊन राहिले. 1907 साली रुमानियात शेतकरी उठले, सैन्याने हजारो मारले. काराजालेंनी बर्लिनमधून त्यावर जळजळीत लेख लिहिला. मोठा माणूस, शंका नाही. पण गोळी लागली ती शेतकऱ्याला, आणि लेख आला बर्लिनहून. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीसुद्धा नाव न टाकता पोथी लिहिली, म्हणजे मुलचेऱ्यात राहूनही मी बर्लिनमध्येच बसलो होतो.

आता दुसरी बाजू. मुकुंदरावांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. आरतीची टर उडवण्यात ज्याची हयात गेली त्याची आरती कसली?

कुलकर्ण्याचं पुढं काय झालं? कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन मोडलं. मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने ते गेलं. 1948 साली गांधीहत्येनंतर घरं जळाली, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांतून कुलकर्णी उठला आणि शहरात गेला. तिथं बँकेत लागला, कॉलेजात लागला, साहित्य संमेलनात लागला. ते राहू द्या. गावात त्याची गादी रिकामी राहिली का? ब्राह्मणेतर चळवळीतले बिनीचे लोक 1930 नंतर काँग्रेसमध्ये शिरले आणि राज्य त्यांचं झालं. 1950 साली ह्याच नगर जिल्ह्यात प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग कारखान्यामागे बँक, बँकेमागे कॉलेज. दप्तराचा रुमाल गेला, चेअरमनची केबिन आली. महाराची वतनं जायला मात्र 1958 चा कायदा यावा लागला. त्यासाठी बाबासाहेब 1928 पासून कौन्सिलात ओरडत होते. कुलकर्णी वतनाला एक लीलामृत मिळालं. महारवतनाच्या खालच्या बाजूला ज्याची पाठ मोडली त्याला काय मिळालं?

आणि मग 2013 चा 1 जानेवारी. सोनई. तालुका कोणता? नेवासा. तोच नेवासा, जिथल्या तरवडीतून 'दीनमित्र' निघत होता. मेहतर समाजाचे तीन तरुण मारले. कारण वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. 2018 साली नाशिकच्या कोर्टाने सहाजणांना फाशी सुनावली. मारणारे कुलकर्णी नव्हते.

म्हणून मी विचारतो, 'पाटील लीलामृत' कुठं आहे? 'चेअरमन लीलामृत' कोणी लिहिलं? मुकुंदरावांच्या नावाने स्मारक झालं, समग्र वाङ्मय सरकारी मंडळाने जाडजूड करून छापलं, चांगलं झालं, माझ्यासारख्याला वाचायला मिळालं. पण ज्यांनी त्या ग्रंथाला हार घातले त्यांनी आपल्या अंगणात आरसा ठेवला नाही. कुलकर्ण्यावर हसून घेतलं आणि पुस्तक मिटलं. गेलेल्या मालकावर हसणं स्वस्त असतं. त्याला लागतं फक्त भाषणाचं व्यासपीठ.

आणि आपण? आपलं काय? 1972 ला पँथर झाली, 1974 ला दोन तुकडे, 1977 ला बरखास्ती. त्या दिवसांतल्या अनियतकालिकांनी प्रस्थापितांची जी टर उडवली तिला तोड नाही. राजा ढाल्यांची लेखणी आजही वाचली तर समोरचा घामाघूम होतो. पण आपल्यातूनच जो पुढारी सत्तेच्या पंगतीला जाऊन बसला, एका खुर्चीसाठी ज्याने अख्खी वस्ती गहाण टाकली, त्याचं लीलामृत आपण लिहिलं का? तो ढढ्ढाशास्त्री नसेल, पण परान्ने नक्की आहे. त्याच्यावर आपण चहाच्या टपरीवर हसतो. छापताना गप्प बसतो. म्हणतो, आपल्याच माणसाची बदनामी कशाला? मित्रांनो, मुकुंदराव पाटलांना हाच सल्ला 'देशभक्त लीलासार'च्या वेळी मिळाला असता. देश लढतोय, आता कशाला हसता? हसण्याला योग्य मुहूर्त कधीच नसतो. मुहूर्त काढणारा तोच शास्त्री असतो.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल, आम्ही रोज मीम टाकतो. टाकता, मी पाहतो. मुलचेऱ्यातसुद्धा रेंज येते कधी कधी. पण बहुतेक मीमच्या खाली नाव नसतं. आणि ज्याच्यावर ते असतं तो माणूस ते बघत नाही, बघितलं तरी त्याचं काही बिघडत नाही. आपलेच चारशेजण आपल्यातच हसतात. ह्याला मी आपली 'घरातली टर' म्हणतो. कोल्हटकरांना बोललो तेच आपल्याला लागू.

इकडे जंगलात हसणं आणखी अवघड. इथं माणूस हसला की दोन्हीकडून विचारणा होते, तू कोणाचा? नाकेदाराला हसलास तर सरकारच्या विरोधात, दादालोकांना हसलास तर खबऱ्या. आष्टी-आलापल्ली रस्त्यावरून सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक रात्रंदिवस जातात, रस्त्याकडेची माणसं धूळ खात बघतात. पेसाच्या गावांत आता तेंदूचा लिलाव ग्रामसभा स्वतः करू शकते. कायदा चांगला आहे. पण संध्याकाळी फळीवर वही कोणाच्या हातात असते? जिथं वही एकाच्या हातात आणि अंगठा दुसऱ्याचा, तिथं 1913 साल संपलेलं नाही.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या आहेत. तुम्हाला सांगतो म्हणजे मागे फिरता येणार नाही.

पहिली. पोथी पुन्हा लिहिणार आहे, आणि ह्या वेळेस खाली नाव टाकणार आहे. माझं पूर्ण नाव, घर, गाव मुलचेरा. वाचीन तेही माझ्याच अंगणात. मुन्श्याला काही बाजूला काढायचं असेल तर मला काढू दे. आणि पोथीत एक अध्याय ग्रामसभेतल्या आमच्याच त्या सभासदावर असेल जो मुन्श्यासोबत संध्याकाळी बसतो. तो माझा मित्र आहे. त्याला आधी वाचून दाखवीन.

दुसरी. नुसती पोथी पुरत नाही. मुकुंदराव सत्तावन वर्षं नुसते हसत नव्हते, दर आठवड्याला अंक काढत होते. हसू एका रात्रीचं, अंक आठवड्यामागून आठवडा. त्यासाठी शाई लागते, वर्गणी लागते, पत्ते लिहायला माणूस लागतो. 'मूकनायक' 1920 साली निघाला तेव्हा 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा जाहिरात छापायला नकार दिला होता. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे भरायचे, तरी तो 1927 ते 1929 एवढाच टिकला. खुद्द बाबासाहेबांची ही गत, तर आपण कोण? पण मुलचेऱ्यात झेरॉक्सचं मशीन आहे. महिन्याला दोन पानं निघतील. त्यात पहिल्या पानावर फळीचा हिशेब असेल: कोणी किती पुडे नेले, किती चढले, किती बाजूला काढले. टर दुसऱ्या पानावर. आधी आकडा, मग हशा. मावशी म्हणते, आकडा ती सांगेल, लिहायचं मी.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. कविताही पाठवू नका, खूप झाल्या. मे महिन्यात चार दिवस सुट्टी काढा आणि या. आष्टीपर्यंत गाडी मिळते, पुढचं मी बघतो. पहाटे उठायचं, मावशीबरोबर जंगलात जायचं, संध्याकाळी वही-पेन घेऊन फळीवर मुन्श्याच्या शेजारी बसायचं. तो एक पुडा मोजेल, आपणही मोजायचा. तो लिहील, आपणही लिहायचं. तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

बघा मग त्याचा चेहरा. हसू आलं तर आवरू नका.